चिंगीच्या बाळंतपणाची वही

१२ जानेवारी
चिंगी मांजर आज मुक्कामाला आली. तीन आठवडे ती मागच्या दारात यायची, खायची आणि निघून जायची. आज खाऊन झाल्यावर तिने कपाटाखाली अंग टाकलं ते संध्याकाळपर्यंत उठली नाही. पाठीवर पट्टे, पोट पांढरं. पोटाच्या दोन्ही बाजू भरलेल्या, सड गुलाबी आणि उठून दिसणारे.
"गाभण आहे गं ही," बाबा म्हणाले.
दहा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मांजर व्याली होती. तीन पिल्लं झाली आणि चार दिवसांत दोन गेली. का गेली, ते आजही सांगता येत नाही. पिल्लं अगदी शांत पडून असायची आणि आम्ही सगळे म्हणायचो, किती गुणी आहेत, निवांत झोपतात. कोणीच काही मोजलं नव्हतं, लिहिलं नव्हतं. म्हणून या वेळी पहिल्या दिवसापासून वही.

१४ जानेवारी
डॉक्टरांकडे सोनोग्राफी. काळ्या पडद्यावर तांदळाएवढे ठिपके लुकलुकत होते, ती पिल्लांची हृदयं. तीन तरी नक्की दिसली. सोनोग्राफीत पिल्लं आहेत आणि जिवंत आहेत एवढं खात्रीने कळतं, पण एकामागे एक दडलेली असल्याने नेमकी किती ते कळत नाही. मोजणी पुढे एक्स-रेवर, हाडं धरल्यानंतर.
डॉक्टरांच्या अंदाजाने तिला महिना झाला आहे. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५, दोन-चार दिवस इकडे-तिकडे. म्हणजे १३ ते २० फेब्रुवारी.
अंगावर पिसवा आहेत. डॉक्टरांनी गाभण मांजरीला चालेल असंच औषध मानेवर लावून दिलं आणि बजावलं, "कुत्र्यांचं पिसवांचं औषध हिला चुकूनही लावू नका. त्यातल्या पर्मेथ्रिनने मांजर दगावते." पॅरासिटामॉलचंही तेच. ही दोन नावं मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहेत.

२२ जानेवारी
खाणं बदललं. आता पिल्लांसाठी मिळतं ते खाणं, कारण त्यात प्रथिनं आणि ताकद जास्त. बदल एकदम केला नाही, आठवडाभर थोडं थोडं मिसळत आणलं. पोट आतून दाबलं जातंय, एका वेळी फार जात नाही, म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं. पाणी दोन ठिकाणी.
बाबांना वाटत होतं कॅल्शियम सुरू करावं. डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. गाभणपणी वरून कॅल्शियम दिलं की शरीर हाडांतून स्वतःचं कॅल्शियम काढायची सवय सोडतं. मग पिल्लं पिऊ लागली की रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं आणि मांजर थरथरू लागते, झटके येतात. चांगलं म्हणून केलेलं अंगाशी येतं ते असं. खाण्यात आहे तेवढं पुरे.

३ फेब्रुवारी
खोका केला. पुठ्ठ्याचा, लांबी ६० सेंमी, रुंदी ४५, उंची ४०. तिला पाय पसरून कुशीवर झोपता यावं आणि पाठ भिंतीला टेकावी असा. वर अर्धं झाकण. पुढून आत-बाहेर करायला जागा कापली, उंबरठा ८ सेंमीचा ठेवला. तळाला वर्तमानपत्राचे पाच-सहा थर, वर जुन्या सुती चादरीचे तुकडे. टॉवेल नाही. त्याच्या धाग्यांच्या फासात पिल्लांची नखं अडकतात.
खोका मी माझ्या खोलीत, उजेडाच्या कोपऱ्यात ठेवला. चिंगीने वास घेतला, आत गेली, बाहेर आली आणि बाबांच्या खोलीतल्या कपाटाच्या तळच्या कप्प्यात जाऊन बसली. दोनदा उचलून आणली, दोनदा परत गेली. "अगं, जागा तिला पसंत करू दे. व्यायचं तिला आहे," बाबा म्हणाले. शेवटी खोकाच उचलून कपाटाच्या कप्प्यात बसवला. संध्याकाळी ती आत झोपलेली होती. अंधार, आडोसा आणि एकाच बाजूने वाट. तिला जे हवं होतं ते मला आधी सुचायला हवं होतं.

८ फेब्रुवारी
एक्स-रे. डॉक्टरांनी बोट ठेवत कवट्या मोजल्या, मग कण्यांच्या माळा मोजल्या. दोन्ही आकडे जुळले: पाच. वहीच्या पहिल्या पानावर मोठा ५ लिहून त्याला चौकट केली.
घरी येताना चिंगी पिंजऱ्यात गप्प होती. रात्री ती खोक्यात कुशीवर झोपली तेव्हा पोटाची कातडी आतून हलताना दिसली. एकदा डावीकडे वर आली, मग खाली. बाबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

१३ फेब्रुवारी
आजपासून सकाळ-संध्याकाळ ताप मोजणं. थर्मामीटरच्या टोकाला जेली लावून गुदद्वारात, बाबा खांदे धरतात. आज ३८.४. व्यायच्या आधी साधारण १२ ते २४ तास हा आकडा अंशभर खाली येतो, ३७.८ च्या खाली.
सामान एका टोपलीत: स्वच्छ सुती फडकी, दोरा, जंतुनाशकात ठेवलेली कात्री, हातमोजे, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, गरम पाण्याच्या दोन पिशव्या, पिल्लांच्या दुधाची पावडर, १ मिलीच्या सिरिंजा. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर टोपलीच्या कडेला चिकटवला.

१६ फेब्रुवारी
सकाळी ३८.२. संध्याकाळी ३७.३. पुन्हा मोजला, ३७.३.
दुपारपासून जेवण नाही. खोक्यातली चादर पुढच्या पायांनी ओरबाडून ढीग करते, त्यावर बसते, उठते, पुन्हा ओरबाडते. मध्येच माझ्याकडे येऊन ओरडते आणि मी गेले की खोक्यात परत. मी खोक्याजवळ बसले की घुरघुरते. पहिलटकरीण असेल तर ही तगमग दिवसभरही चालते. दिवे मंद केले. फोन दुसऱ्या खोलीत.

१७ फेब्रुवारी
आता सकाळचे नऊ वाजलेत. रात्री चिठोऱ्यावर लिहिलेलं इथे उतरवते आहे.
२.४०. कळा सुरू. पाठ कमानीसारखी होते आणि पोटावरून एक लाट मागे जाते.
३.०५. पहिलं. तांबूस. पातळ पडद्याच्या पिशवीत, ओलं, मिटलेलं. मला वाटलं होतं पहिल्यांदा ती गोंधळेल, पण तिने दातांनी पिशवी फाडली, तोंड चाटलं, मग एवढ्या जोराने सगळं अंग चाटायला लागली की पिल्लू कोलमडत होतं. ते ओरडलं. तिने नाळ चावून तोडली, वार, म्हणजे नाळेच्या टोकाचा मांसल गोळा, खाल्ली. मी वहीत लिहिलं, वार १. मी काहीच केलं नाही आणि काही करायचं नव्हतंच.
३.३०. दुसरं, काळं-पांढरं. आधी दोन मागचे पाय आले. घशाशी आलं माझ्या. पण मांजरांत पायाळू जन्म अगदी नेहमीचा, हे वाचून ठेवलेलं होतं म्हणून हात मांडीखाली घेऊन बसले. दोन कळांत पूर्ण बाहेर. वार २.
३.५२. तिसरं, पट्टेरी. या वेळी चिंगी दुसऱ्याला चाटण्यात गुंतलेली होती आणि तिसरं तिच्या शेपटीमागे पिशवीतच पडलेलं. तिने वळून बघावं म्हणून थांबले. मिनिट झालं असेल. पिशवीच्या आत तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा हात घातला. नाकाजवळ चिमटीत धरून पडदा फाडला, नाक-तोंड पुसलं, डोकं थोडं खाली ठेवून फडक्याने पाठ आणि बरगड्या खसाखसा चोळल्या. मांजरीची जीभ खरखरीत असते, नाजूकपणे चोळून उपयोग नाही. पिल्लू हातात धरून झटकायचं मात्र नाही, मेंदूला इजा होते. चोळत राहिले. मग एक शिंकेसारखा आवाज, आणि ओरडणं. लगेच तिच्या तोंडापुढे ठेवलं, तिने घेतलं. वार ३.
४.३५. चौथं, पुन्हा पट्टेरी, शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका. एवढंसं. मी पटकन काट्यावर ठेवलं: ७८ ग्रॅम. बाकीची वजनं नंतर घेतली: १०८, १०१, ९७. वार ४.
मग सगळं थांबलं. कळा नाहीत. चारही जण सडांना लागले, चिंगी डोळे मिटून घुरघुरते आहे. पाहणाऱ्याला वाटेल, झालं. सहा वाजता बाबा म्हणाले, "चारच असतील. एक्स-रेत सावली दिसली असेल."
"बाबा, पाच कणे मोजलेत. दोनदा."
डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "ती शांत आहे, पाजतेय, तर मध्ये अशी विश्रांती घेते मांजर. थांबा. पण पुन्हा जोर लागला आणि वीस मिनिटांत पिल्लू आलं नाही, किंवा लाल रक्त वाहायला लागलं, तर फोन न करता सरळ घेऊन या."
७.१०. जोर सुरू. पिंजरा दारात उघडून ठेवला.
७.२४. पाचवं. काळं. मी पिशवी फाडली, तोंड पुसलं, चोळलं. हृदय लागत नव्हतं. चोळत राहिले. वीस मिनिटं झाल्यावर बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. ९२ ग्रॅम. अंग पूर्ण वाढलेलं, मिशासुद्धा आलेल्या.
ते चिंगीपुढे ठेवलं. तिने दोन-तीनदा चाटलं, हुंगलं आणि वळून बाकीच्यांना जवळ ओढलं. वार ५. पाच वारा पूर्ण, आत काही राहिलेलं नाही.
पाचवं बाबांनी परसात पुरलं.
पहिल्या पानावर ५ लिहिला नसता तर आम्ही चौथ्यानंतरच दिवा घालवून झोपलो असतो. आज ते पिल्लू वाचलं नाही. पण आत अडकलं असतं तर चिंगीही गेली असती.

१७ फेब्रुवारी, रात्र
चौघेही चीक प्यायले हे स्वतः बघितलं. आईच्या रक्तातली रोगाशी लढायची ताकद पिल्लाच्या आतड्यातून अंगात जाते ती पहिल्या १६-१८ तासांतच, मग ते दार बंद होतं. चौथ्याला मोठी भावंडं ढकलून देतात. म्हणून दर तासाला त्याला मागच्या सडाला लावून दिलं आणि पोट ताणलेलं दिसेपर्यंत बाजूला बसले.

१८ फेब्रुवारी
रात्री ३.२० ला जाग आली. खोक्यात तीनच.
चौथं उंबरठ्याच्या बाहेर, फरशीवर. चिंगी पाणी प्यायला उठली असणार आणि ते सड तोंडात धरून लोंबकळत बाहेर आलं असणार. तळहातावर घेतलं तर ओल्या दगडासारखं. हालचाल नाही. करंगळीचं टोक तोंडात घातलं, आतूनही गार. जीभ बोटाला लागली नाही.
बाबा उठले आणि दोन मिनिटांत दूध कालवून आणलं. "दोन थेंब तरी घाल गं पोटात."
"बाबा, आधी ऊब, मग दूध."
गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही. दूध तसंच साठून राहतं, नाहीतर गिळता न आल्याने छातीत जातं. ओरडून सांगावं इतकी महत्त्वाची गोष्ट आहे ही. आणि ऊबसुद्धा हळूहळू. गरम पाण्याखाली धरणं किंवा पिशवीवर तसंच ठेवणं नाही. कुडत्याच्या आत छातीला लावलं, वर शाल, आणि भिंतीला टेकून बसले. दर दहा मिनिटांनी कूस बदलायची. पहिला तास काही नाही. माझ्याच हृदयाचे ठोके मला त्याचे वाटत होते. ४.३० च्या सुमाराला गळ्याखाली काहीतरी खरवडलं. नख. मग पुन्हा. ४.५० ला करंगळी तोंडात घातली तर आत ऊब होती आणि त्याने जीभ गुंडाळून ओढलं. एवढ्याशा जिवाची ओढ बोटाच्या सांध्यापर्यंत जाणवते. तेव्हा कुठे चिंगीच्या सडाला लावलं. प्यायलं.
चूक माझ्या उंबरठ्याची. ८ सेंमी लोंबकळणाऱ्या पिल्लाला अडवत नाही. सकाळी पुठ्ठ्याची पट्टी लावून १५ सेंमी केला, वरच्या कडेला कापड गुंडाळलं, म्हणजे तिचे सड घासणार नाहीत. आता बाहेर पडताना पिल्लू आतच सुटून पडतं.
पिल्लांना पहिल्या आठवड्यात थंडीने कापणंसुद्धा येत नाही. अंगाची ऊब सगळी आईकडून. खोक्यात थर्मामीटर ठेवला आहे, ३० अंश धरायचे. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवते, म्हणजे गरम झालं तर सरकायला जागा राहते. दर तीन तासांनी पाणी बदलायचं. निवलेली पिशवी पिल्लाच्या अंगातली ऊब उलटी ओढून घेते, ती नसलेली बरी.
सायंकाळची वजनं: ११५, १०७, १०२. चौथं ७४.

१९ फेब्रुवारी
चौथं ७३.
बाकीचे दिवसाला सात-आठ ग्रॅमने चढलेत, पुढे १० ते १५ हवेत. पहिल्या दिवशी दोन-चार ग्रॅम कमी होणं चालतं. दुसऱ्या दिवशीही खाली, म्हणजे थांबायचं नाही. दिसायला काही वेगळं नाही. चौघांत झोपतं, सडाला लागतं, तोंड हलतं. फक्त काटा सांगतोय की पोटात जात नाही. मला ती दहा वर्षांपूर्वीची गुणी पिल्लं आठवली.
डॉक्टरांनी टाळू तपासला, फट नाही. वरचं दूध सुरू करायला सांगितलं. पावडरचंच, गायीचं नाही. गायीच्या दुधात साखर जास्त आणि प्रथिनं-चरबी कमी, पिल्लांना जुलाब होतात.
पद्धत: पिल्लू पालथं, पोट खाली, मान थोडी वर, आईजवळ पितं तसंच. बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं. एका वेळी २ मिली, त्याच्या गिळण्याच्या चालीने, थेंब-थेंब. दर दोन तासांनी. आधी आईचं, मग वरचं: तिघांना उबदार भांड्यात वीस मिनिटं वेगळं ठेवायचं, चौथ्याला चिंगीकडे एकटं सोडायचं आणि मग उरलेलं सिरिंजने.
रात्र वाटून घेतली. दोनची आणि चारची पाळी बाबांची.

२० फेब्रुवारी
पहाटे उठून बघितलं तर वहीत बाबांचं अक्षर. "२.१०. २ मिली. शू झाली. ४.०५. पावणेदोन मिली, पुढे नको म्हणालं. आवाज खणखणीत."
वजन ७५.

२१ फेब्रुवारी
७९. तांबूस १५१ वर आहे. नाळेचे वाळलेले तुकडे तिघांचे पडले. चौथ्याचा उद्या-परवा पडेल, ओढायचा नाही.
चिंगी पिल्लांची शी-शू चाटूनच करवते, त्याशिवाय त्यांना होत नाही. चौथ्याला वरचं दूध दिल्यावर तीही कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने मी करते, पण शक्यतो दूध पाजून लगेच तिच्यापुढे ठेवते. तिचं तिनेच करावं. वास आणि नातं दोन्ही टिकतं.
तिचं स्वतःचं खाणं जवळजवळ तिप्पट झालं आहे. ताटली रिकामी राहू देत नाही.

२४ फेब्रुवारी
आठवडा पूर्ण. १९६, १८१, १७४, ९९. चौथं जन्मापेक्षा २१ ग्रॅमने वर. वरचं दूध आता दिवसातून चारदाच, रात्री एकदा.
प्रत्येकाचा सड ठरलेला आहे. तांबूस डावीकडचा शेवटचा सोडून दुसरीकडे जात नाही, डोळे मिटलेले असताना नुसत्या वासावर तिथेच पोचतो. चौथं अजून मिळेल तिथे.

२७ फेब्रुवारी
काळी-पांढरीचा डावा डोळा आतल्या कोपऱ्यातून किलकिला झाला. आत निळसर धुकं. ओढून उघडायचे नसतात. खोलीतला उजेड आणखी कमी केला.

२८ फेब्रुवारी
चिंगी पिल्लांना सोडून बाहेर बसली आणि जवळ गेल्यावर गुरगुरली. असं कधी करत नाही. पोटावर हात फिरवला तर उजवीकडचा एक सड गरम, लाल, आत गाठ. ताप ४०.१. तासाभरात डॉक्टरांकडे. सडाला सूज आणि जंतुसंसर्ग, पू धरलेला नाही. दूध पाजणाऱ्या मांजरीला चालणारं औषध, आणि दिवसातून चारदा कोमट फडक्याचा शेक. पाजणं चालू ठेवायचं, दूध साठून राहिलं तर वाढतं.
शेकताना ती पहिल्यांदा हात चावायला आली. नंतर पाय पसरून दिले.

३ मार्च
सड निवला. पिल्लं दोन आठवड्यांची. ३००, २७५, २६४, १६८. आठही डोळे उघडे. जंताचं पहिलं औषध वजनाप्रमाणे दिलं, आता दर दोन आठवड्यांनी. डॉक्टरांनी नर-मादी सांगितलं: तांबूस आणि चौथा बोके, बाकी दोघी भाट्या.
वरचं दूध बंद. चौथा आता उजवीकडच्या तिसऱ्या सडावर बसतो आणि तिसरीला ढकलतो.

१० मार्च
तीन आठवडे. चालतात, म्हणजे पोट फरशीवर घासत चार पाय चार दिशांना टाकतात. पुढचे दात टोचतात. शी-शूसाठी उथळ ट्रे ठेवला, त्यात कागदाचे गोळे. गोळा होणारी वाळू इतक्यात नाही, ती तोंडात घालतात आणि पोटात घट्ट होते. चौथा २४५.
आता हाताळायचे दिवस. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लांना माणसाची जी ओळख होते ती आयुष्यभर पुरते. रोज प्रत्येकाला थोडा वेळ मांडीवर, पंजे, कान, तोंड हळूच बघायचं. शेजारची मुलं येतात. नियम एक: खाली बसून, दोन्ही हातांनी. चिंगी उठून आली की पिल्लू परत.

१७ मार्च
पहिलं खाणं. कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं केलेलं, पसरट ताटलीत. काळी-पांढरी ताटलीत चालत गेली. चौथ्याने बोटावरचं चाटलं, मग ताटलीकडे वळला आणि नाक बुडवून शिंकला. ३३०.
दूध तोडायची घाई नाही. चिंगी स्वतः उंच जागी जाऊन बसायला लागली आहे.

१४ एप्रिल
पहिली लस. ९२०, ८४५, ८१०, ६९०. निळे डोळे हिरवट होऊ लागलेत.
चौकशा येतात. सगळ्यांना एकच सांगते: बारा आठवडे पुरे झाल्याशिवाय नाही. खाता येतं म्हणजे वेगळं होता येतं असं नाही. चावताना किती दाबायचं, नखं कधी आत घ्यायची, हे भावंडं आणि आई याच दिवसांत शिकवतात.
चिंगी पाजत असतानाही पुन्हा माजावर येऊ शकते, म्हणून दारं-खिडक्या बंदच.

४ मे
चिंगीचं ऑपरेशन झालं. दूध आटून दोन आठवडे झाले होते. एका बाळंतपणात तिची काय दशा होते ते मी या वहीत रोज लिहिलं आहे. दुसरं नको. टाके स्वच्छ, संध्याकाळी जेवली.

१२ मे
बारा आठवडे. तांबूस आणि तिसरी एकाच घरी, जोडीने गेली. काळी-पांढरी आमच्याकडे राहते आहे. चिंगी अजून तिलाच धरून झोपते. मी मनात धरलं होतं की चौथा राहील. पण ज्या आजींना तो हवा होता त्या तीन वेळा येऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसून गेल्या, आणि तिसऱ्या वेळी तो त्यांच्या पदरात झोपला.
प्रत्येकाची पानं मी वेगळ्या कागदावर उतरवून दिली: जन्माचं वजन, जंताच्या औषधाच्या तारखा, लसी, पुढची लस कधी, काय खातं. चौथ्याचं बाबांनी लिहिलं. रात्रीच्या पाळ्यासुद्धा त्यांनी गाळल्या नाहीत. आजींनी उभ्या-उभ्या वाचलं आणि विचारलं, "हे पावणेदोन मिली, पुढे नको म्हणालं, हे कोणी लिहिलंय?"
"मी," बाबा म्हणाले.
जातानाचं वजन १०२०.

१४ मे
आजींचा निरोप आला. पहिल्या रात्री पलंगाखाली होता, दुसऱ्या दिवशी जेवला, ट्रे वापरला. आज सकाळी वजन केलं, १०३५.
बाबांनी वही मागून घेतली आणि चौथ्याच्या रकान्यात तो आकडा लिहिला.